बोंडूच्या चोथ्याची पट्टी

"हात हलव नकात, बाबा," सिद्धी म्हणाली आणि तिने कृष्णनाथांच्या मनगटावर ती तपकिरी पट्टी चिकटवली.

फेणीसाठी काजूच्या बोंडूंचा रस काढला की उरलेला चोथा कोरगावात फेकूनच देतात. पणजीच्या प्रयोगशाळेत सिद्धीने त्यातूनच ही पट्टी तयार केली होती. घामातली दारू ओळखायची आणि फोनवर रेघ काढून दाखवायची, एवढंच तिचं काम. दारू असली की रेघ वर चढे, नसली की सरळ राही. दारूच्या चोथ्यानेच दारू पकडायची म्हणून तिथे सगळे हसत. सिद्धीला हसू येत नसे.

सोमवारी तिची बाळंतपणाची रजा संपत होती. छोट्या सायलीला आईजवळ ठेवून कामावर जायचं ठरलं होतं. पण मागच्या महिन्यात न्हाणीमागे हुर्राक या काजूच्या दारूच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. "माझ्योच त्यो," कृष्णनाथ खाली मान घालून म्हणाले. जावई विशालने सांगून टाकलं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. माझी मुलगी या घरात राहणार नाही.

बाबांनी सोडल्याची शपथ घेतली. विशालला पुरावा हवा होता.

दुसरी पट्टी सिद्धीने आईच्या, विमलाच्या हाताला लावायला काढली.

"तिका कित्याक?" बाबा एकदम म्हणाले.

"ताडून बघूक न पिणाऱ्याची रेघ पण व्हयी."

विमलाने मुकाट्याने हात पुढे केला. मुलगा रुद्रेश मोपाच्या रस्त्यावर अपघातात गेला, तेव्हापासून ती सगळं मुकाट्यानेच करायची. लवंग चघळत बसायची, दुपारची लवकर आडवी व्हायची. पेज, कालवण बाबाच बघत. घरात आता कोणी रडतही नसे.

चार दिवसांनी, शनिवारी सिद्धी सायलीला घेऊन आली. विमलाने नातीला आत नेलं. बाबांनी सिद्धीला अंगणातच गाठलं.

"माजा आयक. चेडवाक हय ठेव नको. पाळणाघर बघ."

"परत घेतलात?"

"घेतलंय, असा समज."

सिद्धीला राग आला आणि लगेच विझलाही. आता कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. तिने फोन काढून बाबांची रेघ उघडली. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती.

"बाबा, खोटा कित्याक सांगलात? तुमच्या पोटात थेंब नाय!"

 कृष्णनाथ आतल्या खोलीकडे बघत राहिले. तिथे विमला सायलीला मांडीवर घेऊन थोपटत होती.

सिद्धीने तिथूनच विशालला फोन लावला. "सोमवारपासून सायली आईकडे. बाबांनी खरंच सोडली आहे." किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

मग काम पुरं करायचं म्हणून तिने आईची रेघ उघडली. ती रोज सकाळी, चहाच्याही आधी, वर चढलेली होती.