शेवटचा 'ना'

जे. पी. नगरच्या हॉलमध्ये मराठी नाट्यमंडळाच्या नव्या थ्रिलरची ऑडिशन चालली होती. नाटकातला नवरा घरातल्या वस्तू लपवतो आणि बायकोला वेडी ठरवतो. बायकोच्या भूमिकेसाठी म्हणून दाखवायचं वाक्य एकच होतं: "किल्ली मी इथंच ठेवली होती."

"किल्ली मी इथंच ठेवली होती ना?" संयोगिता म्हणाली.

"अक्का, त्यात 'ना' नाहीये," दिग्दर्शक महांतेश त्याच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाला. "तिला खात्री आहे. परत."

परत 'ना' आला. तिसऱ्यांदाही आला. तिची बोटं ओढणीचं टोक पिळत होती, नजर सारखी खुर्चीवरच्या मोबाईलकडे जात होती.

"स्वल्प थांबा," महांतेश वैतागला. "कुणाला विचारताय तुम्ही?"

तेवढ्यात मोबाईल वाजलाच. तिनं उचलताच तिच्या नवऱ्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत ऐकू आला. "गॅस चालू ठेवून गेलीस! नशीब, मी आत्ता येऊन बंद केला. डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"सॉरी, मी..." ती थबकली. ओढणी हातातून सुटली.

"अहो, सिलिंडर सकाळपासून रिकामा आहे," ती म्हणाली, आणि जिभेवर आलेला 'ना' तिनं गिळला.