सहा जबाब

सोलापुरी चादरींच्या कारखान्याला लागलेल्या आगीत भार्गवीचे वडील गेले. वाचलेल्या सहा कामगारांचे जबाब तिच्या वकिलांनी तिला ईमेलनं पाठवले. संगणकाच्या पायथॉन भाषेच्या वर्गात नुकतंच मजकुरात कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजायला शिकवलं होतं, म्हणून सरावासाठी तिनं तेच घेतले. प्रत्येक शब्दापुढं त्याचा आकडा आला. सहाही जबाबांचे आकडे हुबेहूब सारखे निघाले. ‘दार’ तीनदा, ‘उघडं’ तीनदा. ती लालसाबचाचांकडं गेली. एक जबाब त्यांचा होता. “चाचा, दार खरंच उघडं होतं?” “कुलूप होतं, पोरी,” चाचा खाली बघत म्हणाले. “मालकाच्या माणसांनी लिवून आणलं. सही तेवढी माजी हाय.” “मग कोर्टात खरं सांगा की!” “सोमवारपास्नं कारखाना चालू होतोय. आमाला परत घेतायत. तुज्या आईलाबी बोलावलंय. तिनं सांगितलं न्हाय का?” सोमवारी आई डबा घेऊन निघाली. भार्गवीनं तिला अडवलं नाही.