हिरवागार नकाशा

कल्पना करा, मुलांनो. एका कॉलेजचा लांबरुंद हॉल आहे. दोनशे खुर्च्या मांडलेल्या आहेत आणि बसलेलं कुणीच नाही. दुपारचं तिरपं ऊन मागच्या रांगेपर्यंत येऊन थबकलं आहे. समोर फळ्याच्या वर वहीएवढी एक पांढरी पेटी आहे. तिच्यातून वायफायच्या लहरी निघतात. त्या दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत. सकाळचं धुकं पसरावं तशा कोपऱ्याकोपऱ्यात पसरतात.

त्या लहरींमधून एक मावशी चालली आहे. पाच पावलं टाकायची, थांबायचं, हातातल्या टॅबवरचा आकडा वाचायचा. मागून तिची नऊ वर्षांची भाची. मावशी तिला शेपूट म्हणते, कारण सुट्टी लागली की ती मावशीला सोडतच नाही. तिच्या हातात हॉलचा कागदी नकाशा आणि तीन रंगीत पेन्सिली. वायफायचा जोर चांगला तिथे हिरवा, बेताचा तिथे पिवळा, मरगळलेला तिथे लाल.

"हिरवा," मावशी म्हणाली. पाच पावलं. "हिरवा."

हिरवी पेन्सिल झिजून बोटभर उरली होती. लाल अजून दुकानातल्यासारखी टोकदार होती. शेपटाने डोळे अर्धवट मिटले. तिला वाटलं, हॉल म्हणजे हिरव्या पाण्याचं तळं आहे. खुर्च्या तळाशी निजल्यात आणि आपण दोघी पाण्याखालून चाललोय, पायांचा आवाज न करता.

दारातून परीक्षाप्रमुख डोकावले. नकाशाकडे बघून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मागच्या वेळीही असाच नकाशा दिला होतात, मॅडम. नुसती हिरवळ. गुरं सोडायची का हो त्यात?"

"सर, मी तीनदा मोजलंय."

"आणि पोरांचे ऑनलाइन पेपर तीनदा अडकले. एक मुलगी माझ्यासमोर रडत उभी होती. उद्या सकाळी दोनशे जण बसणार आहेत इथे. पुन्हा तसं झालं, तर हे काम दुसऱ्या कुणाकडे जाईल. आधीच सांगून ठेवतो."

ते गेले. मावशी जवळच्या खुर्चीवर बसली. टॅब तिने मांडीवर ठेवला.

"नकाशा खोटा आहे का गं?" शेपटाने विचारलं.

"खोटा नाही. तेच तर कळत नाही." मावशीचं काम चोख असे. मोजताना मध्ये कुणी नको, हा तिचा नियम. म्हणून तर ती वर्ग सुटल्यावर यायची. झाडूवाल्या काकांनासुद्धा बाहेर थांबवायची.

शेपूट तिच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. मावशीचं तोंड उतरलेलं तिला बघवत नसे. तिने कपाळ मावशीच्या कपाळाला टेकवलं. दोघींच्या मध्ये टॅब उजळत होता.

आकडा घसरला.

"सरक बाजूला," मावशी सवयीने म्हणाली. शेपूट सरली. आकडा चढला.

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. "परत ये." घसरला. "जा." चढला. "ये."

झोका खालीवर व्हावा तसं चाललं होतं.

"मी काय केलं?"

"काही नाही केलंस. तू आहेस, एवढंच." मावशीचा आवाज अगदी हळू झाला. "आपल्या अंगात पाणीच जास्त असतं ना. या लहरी पाण्यात मुरतात. पाऊस वाळूत मुरतो तशा."

"एकट्या माझ्यात एवढ्या? मग दोनशे जण बसले की?"

मावशीने रिकाम्या रांगांवरून नजर फिरवली. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत. मग ती स्वतःशीच हसली, पण ते हसू टिकलं नाही.

"दोन पेट्या जादाच्या आहेत माझ्या गाडीत. आज बसवतासुद्धा येतील. पण कुठे बसवायच्या, ते भरलेल्या हॉलमध्ये मोजल्याशिवाय कसं कळणार? आणि आत्ता माणसं कुठून आणू?"

शेपटाने पेन्सिली खुर्चीवर ठेवल्या आणि ती धावत सुटली. जिना उतरून, सायकलींच्या रांगेला वळसा घालून, थेट फाटकापाशी. तिथे बसची वाट पाहत पन्नास-साठ मुलंमुली उभी होती. त्यांतल्या सगळ्यात उंच ताईचं दप्तर तिने ओढलं.

"ताई, सगळ्यांना घेऊन वर हॉलमध्ये चल ना."

"कशाला गं?"

"काही लिहायचं नाही, काही बोलायचं नाही," शेपूट धापा टाकत म्हणाली. "फक्त माझ्या मावशीच्या मध्येमध्ये यायचं."