बिनआवाजाची मोटर

"मंडळी, आता डावीकडे बघा! जुन्या पुलाचे खांब. पूल पुरात गेला, पण हे जागचे हलायला तयार नाहीत. आमच्या हिचे भाऊ जेवायला आल्यावर बसतात ना, अगदी तसे!"

बोटीतल्या सगळ्या माना डावीकडे वळल्या. तिकडे नुसती वाळू होती.

सुकाणूवर बसलेल्या लेकीनं माइकवर बोलणाऱ्या बाबांकडे चमकून पाहिलं. खांब अजून चांगली दोन वळणं पुढे होते!

बाबांना वर्षभरापासून जेमतेम उजेड-अंधार कळत होता, आणि ते तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. त्यांची सगळी भिस्त जुन्या इंजिनावर. त्याची धडधड खडकावरून खणखणीत परत यायची, झाडीतून दबकी यायची आणि बोट कुठे आली ते बाबा बरोब्बर ओळखायचे. पण इंजिनाला पाखरं बुजतात म्हणून बोटीच्या मालकांनी आज सकाळीच बॅटरीवरची मोटर बसवली होती. तिचा आवाज म्हणाल तर शून्य. आणि तिची करामत बघायला मालक जातीनं मागच्या बाकावर बसले होते.

"बाबा, खांब पुढे आहेत," ती दात न उघडता पुटपुटली.

"अहो, पुढेच आहेत! आधीपासून तयार राहा म्हणून सांगतोय," बाबांनी वेळ मारून नेली. लोक हसले. तिनं श्वास सोडला.

"आणि उजवीकडे मातीच्या कड्यात ती भोकं दिसतात ना? ती खंड्याची घरं. भाडं नाही, घरमालकाची कटकट नाही!"

"अहो काका," दुर्बीणवाल्या बाई म्हणाल्या, "ही तर पंपघराची भिंत आहे!"

सगळे खो खो हसले. मालक हसले नाहीत. ते उठून पुढे आले आणि काही न बोलता त्यांनी पाण्याची बाटली बाबांच्या तोंडासमोर धरली.

बाबा बोलतच राहिले. बाटली तशीच हवेत राहिली.

"दादा," मालक अगदी हळू म्हणाले, "कधीपासून?"

बाबांचा माइक खाली आला.

"पोरीला काही बोलू नका. तिनं बोट कधी कुठे घासू दिलेली नाही."

"तिला नाही बोलत. पण तुम्ही आता बसा. उद्यापासूनही... बसाच."

मालकांनी सुकाणू स्वतः धरलं आणि माइक तिच्या हातात दिला. बाबा चाचपडत बाकापर्यंत गेले. दुर्बीणवाल्या बाईंनी सरकून जागा केली.

तिनं माइक तोंडाशी धरला. आवाज फुटला तो बाबांचेच शब्द घेऊन. पुलाचे खांब आले, मामालोक आले, खंड्याचं बिनभाड्याचं घर आलं. लोक बाबांच्या ठरलेल्या जागांवर बरोब्बर हसत होते. बाबाही हसत होते, इतरांपेक्षा जरा मोठ्यानं.

"आता समोरच्या वाळक्या झाडावर," ती म्हणाली, "राखी बगळ्याचं घरटं."

बाकावरून एक हात वर आला.

"गाईडताई," बाबांनी विचारलं, "यंदा पिल्लं किती हो?"

तिनं वर पाहिलं. झाड, घरटं, आभाळ, सगळं डोळ्यांतल्या पाण्यात विरघळल्यासारखं हलत होतं.

"तीन," तिनं ठोकून दिलं.