हद्दादांची पाटी
भाऊ स्क्रूड्रायव्हर घेऊन दुकानाच्या दारात शिडीवर चढला. आजोबांनी घडवलेली 'हद्दाद' नावाची लोखंडी पाटी त्याला आपल्या बंगल्यावर लावायची होती. "अरबी आडनाव आहे, जगभर लाखोंचं," तो वरून अक्कल पाजळत होता, "पण ते मुलाकडेच जातं, ताई. तू लग्न होऊन परक्या घरची झालीस." "अर्थ नाही सांगितलास," भट्टीजवळून ताई म्हणाली. "लोहार! त्यात काय?" भाऊ म्हणाला. बाबा गेल्यापासून भट्टी तिनेच पेटती ठेवली होती, भावाने जन्मात हाताला काजळी लागू दिली नव्हती. म्हणूनच तो पाटीवर स्क्रू शोधत राहिला. आजोबांनी ती तापवून ठोकलेल्या रिव्हेटांनी दारावरच्या गर्डरला कायमची जोडली होती. घामाघूम होऊन तो उतरला. "लोहाराला बोलावून काढून नेतो!" ताईने घण खांद्यावर घेतला. "ही काय, समोर उभी आहे. आणि हे काम मी घेत नाही."