डेड इंजिन

पाद्री व्हायचं शिक्षण सोडून धाकटा मुलगा एडविन दौंडच्या रेल्वे शेडमध्ये इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन झाला, तेव्हापासून शिरूरच्या शलमोन मास्तरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. एके दुपारी शेजारचा मच्छिंद्र दौंडहून आला.

"एडविन भेटला न्हाई, मास्तर. शेडातलं सायेब म्हनले, एडविन डेड... फुडचं इंग्रजी मला कळलं न्हाई."

मास्तरांना मात्र तेवढं इंग्रजी पुरेसं होतं. मयताला जाताना घालायचा काळा कोट अंगावर चढवून ते तसेच एसटीत बसले.

शेडमध्ये पोचतात, तर एका थंडगार इंजिनातून एडविन खाली उतरत होता. मास्तर धावत त्याच्यापाशी गेले. "तू गेलास असं कळलं रे!"

"डेड इंजिनाबरोबर गेलो होतो, आबा. विस्तव विझवलेल्या इंजिनाला डेड म्हणतात. दुसरं इंजिन ते ओढून नेतं, अन् त्याच्यासोबत एक माणूस लागतो."

मास्तरांनी हात त्याच्या कोळशानं काळवंडलेल्या गालावरून फिरवला. एडविन नुसता कोटाकडं बघत राहिला.



"माझ्या लग्नाला बोलावलं तेव्हा आला नाहीत, आबा. मातीला मात्र लगेच आलात."