ओसरीवरचा डॉक्टर

सुमतीनं रडून पाहिलं, अन्न सोडून पाहिलं, पण वडील बधले नाहीत. मेडिकलला जायचं तर आधी इंटरला सायन्स घ्यावं लागे आणि वामनरावांना ते नाव नको होतं. "परक्या पोरांसंग बसून बेडकं कापशील काय? गुमान संस्कृत घे अन् बी.ए. हो. डॉक्टरीन होऊन काय करतं तू?"

तिनं संस्कृत घेतलं.

पुढच्याच वर्षी थोरली पुष्पलता बाळंतपणाला सक्करदऱ्याला माहेरी आली आणि अडली. सुईणीनं हात टेकले. लेडी डॉक्टर रामटेकला गेलेली. धावत आला तो पुरुष डॉक्टर, त्याला वामनरावांनी ओसरीवरच थांबवलं. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष? जीव गेला तरी नाही!

आतलं कण्हणं क्षीण होत चाललं. डॉक्टर कळवळून म्हणाला, "अहो, निदान शिकलेलं कुणी तरी आत पाठवा. मी इथून सांगतो, काय करायचं ते."

वामनरावांनी सुमतीपुढे हात जोडले.

"कॉलेजात शिकून राहिली ना तू? जाय वं माय, आज तूच डॉक्टर हो!"